हुमणीच्या पुडीवर ज्याच्या भुंगेऱ्याचं नाव छापलंय, तो माणूस : इल्या मेचनिकॉव्ह

वळवाचा पहिला दमदार पाऊस पडला की दिवस मावळताना कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर भुंगेरे घोंगावायला लागतात. रात्रभर पाला खायचा, पहाट झाली की परत मातीत. त्यांनी मातीत घातलेल्या अंड्यांतून निघते ती हुमणी. ऊस असो, भुईमूग असो, ज्वारी असो नाहीतर मका, मुळ्या कुरतडल्या की हिरवंगार पीक आठ-पंधरा दिवसांत पिवळं पडतं आणि हाताने ओढलं तरी उपटून येतं. नदीकाठच्या आणि हलक्या रानांतल्या शेतकऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

मग कृषी सेवा केंद्रात जाऊन आपण मेटारायझियमची पुडी आणतो. पुडीवर पूर्ण नाव असतं, मेटारायझियम अ‍ॅनिसोप्लिए. यातलं ‘मेटारायझियम’ लोकांच्या तोंडात बसलंय. पण हे ‘अ‍ॅनिसोप्लिए’ काय आहे, असं कुणी फारसं विचारत नाही. ते एका भुंगेऱ्याचं नाव आहे. आपल्याकडचा नव्हे, आजच्या युक्रेनमधला. गव्हाच्या ओंब्या खाणारा. आणि या भुंगेऱ्याच्या अळ्या मारणारी हिरवी बुरशी पहिल्यांदा ज्याने शोधली, तो माणूस शेतकी खात्याचा नव्हता की शेतकरी नव्हता. त्याला पुढे नोबेल मिळालं, तेही शेतीसाठी नव्हे, माणसाच्या शरीरातल्या पांढऱ्या पेशींवरच्या कामासाठी. त्याचं नाव इल्या मेचनिकॉव्ह.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे असली सगळी औषधं सरसकट ‘बॅक्टेरिया’ म्हणून विकली जातात आणि घेतलीही जातात. मेटारायझियम ही बुरशी आहे, जिवाणू नव्हे. जिवाणूचं औषध म्हणजे बीटी, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. दोन्ही मातीत सापडतात, दोन्ही किडीला मारतात, पण मारायची रीत वेगळी आहे आणि त्यामुळे वापरायची रीतही वेगळी. त्यावर पुढे येतोच.

काळ्या मातीतला पोरगा

मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ चा, खारकॉव्ह शहराजवळच्या एका खेड्यातला. तेव्हा तो भाग रशियाच्या झारच्या राज्यात होता, आता युक्रेनमध्ये आहे. जमीन काळी, कसदार, नजर जाईल तिथवर सपाट. गहू हेच तिथलं मुख्य पीक आणि मुख्य पैसा. वडील झारच्या फौजेत अधिकारी, गावी जमीनदारी. आई ज्यू घराण्यातली, लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाची मुलगी. पाच भावंडांत इल्या शेंडेफळ.

पोरगा एका जागी बसायचा नाही. थोरल्या भावाला शिकवायला एक विद्यार्थी घरी ठेवला होता. भावाऐवजी या धाकट्यालाच त्याचा नाद लागला. त्याच्यामागे रानात फिरायचं, झाडपाला गोळा करायचा, किडे पकडायचे. मग घरच्या आणि गावातल्या पोरांना गोळा करून तो त्यांच्यापुढे निसर्गावर भाषण द्यायचा. पोरं बसेनात, तर आपल्या खाऊच्या पैशातले पैसे देऊन त्यांना बसवायचा.

खारकॉव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यास त्याने दोन वर्षांत संपवला. मग जर्मनी, इटली. समुद्रातले बारके जीव सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि अंड्यातून ते कसे घडत जातात ते बघायचं, हे काम. या कामाने डोळे इतके दुखायला लागले की मधे मधे सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवावा लागला. १८६७ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा शहरात नव्या विद्यापीठात ते शिकवायला लागले. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांचं वय सरांपेक्षा जास्त होतं.

१८६९ मध्ये ल्युदमिलाशी लग्न झालं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशीही तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं, इतकी ती अशक्त होती. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं, हवापालट एवढाच इलाज. चार वर्षं ते तिला घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावी फिरले, तिच्या उपचारासाठी भाषांतराची कामं केली, कर्ज झालं. एप्रिल १८७३ मध्ये मदिरा बेटावर ती गेली. त्यानंतर मेचनिकॉव्ह यांनी स्वतःचा जीव संपवायचा प्रयत्न केला. ते वाचले. तेव्हा ते २८ वर्षांचे होते, आणि आपण ज्या कामामुळे त्यांना ओळखतो ते सगळं काम त्यानंतरचं आहे.

दोन वर्षांनी ओल्गाशी लग्न झालं. ती वयाने बरीच लहान, त्यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकणारी. ही मात्र शेवटपर्यंत सोबत राहिली, प्रयोगशाळेतही. त्यांचं चरित्रही पुढे तिनेच लिहिलं.

ओंबीवरचा भुंगेरा

१८७० च्या दशकाच्या शेवटी दक्षिण रशियाच्या गव्हावर एक भुंगेरा उतरला. शास्त्रीय नाव अ‍ॅनिसोप्लिया ऑस्ट्रियाका, तिथले लोक त्याला कुझ्का म्हणतात. बोटाच्या पेराहून लहान, तपकिरी पाठीचा. गहू चिकात आला की तो ओंबीवर बसतो आणि कोवळा दाणा खातो. दाणा टणक झाला की खाववत नाही, मग खाण्यापेक्षा पाडतोच जास्त. म्हणजे तोंडात जाईल त्याहून नासाडी मोठी. नंतर मादी जमिनीत अंडी घालते. अळी निघते ती आपल्या हुमणीसारखीच, पांढरी, सी आकारात वळलेली, तोंडाला तपकिरी. ती मातीत मुळ्या खात जवळपास दोन वर्षं राहते. म्हणजे यंदा वर दिसला नाही म्हणून गेला असं समजायचं कारण नाही. खाली पुढच्या सालाची फौज तयार असते.

उपाय काय? औषध नव्हतं. आजच्या सारखी फवारणी तेव्हा कुणाला माहीत नव्हती. बायामाणसं, पोरंसोरं शेतात उतरायची आणि भुंगेरे हाताने वेचायची. वेचून वेचून किती वेचणार? ओडेसा हे बंदर गव्हाच्या व्यापारावर चालायचं. गहू बुडाला तर जमीनदार बुडतो, अडत्या बुडतो, आणि मजुरावर काय वेळ येते ते सांगायलाच नको.

तिथे झेम्स्त्वो नावाची लोकल संस्था असायची, आपली जिल्हा परिषद म्हणा ना. ओडेसाच्या झेम्स्त्वोने या भुंगेऱ्यासाठी समिती नेमली आणि विद्यापीठातल्या या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला कामाला लावलं.

दुसरा कुणी असता तर भुंगेरा मारायचं काय ते शोधत बसला असता. मेचनिकॉव्ह यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. भुंगेरा आजारी कशाने पडतो? कारण कुठलाही जीव घ्या, त्याला त्याचे रोग असतातच. आणि ही वाट पूर्ण नवी नव्हती. रेशमाच्या किड्यांचे रोग युरोपात लोकांच्या पोटावर आले होते, म्हणून त्यांचा अभ्यास झाला होता. इटलीत अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्येच दाखवलं होतं की रेशीमकिड्यावर पांढरी बुरशी येऊन तो मरतो आणि हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागतो. आज पुडीत मिळणारी ब्युव्हेरिया बॅसियाना ती हीच, नावात बास्सी आहेत. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात रेशीमकिड्यांच्या रोगावर काही वर्षं घालवली होती. पण हे सगळं किडा वाचवायला. मेचनिकॉव्ह यांनी तोच विचार उलटा केला. आपल्याला नको असलेल्या किड्याला मुद्दाम रोग लावायचा.

माती उकरून त्यांनी अळ्या जमवल्या, जिवंत, मेलेल्या, अर्धमेल्या. एका जातीच्या रोगात जिवाणू सापडले. दुसऱ्यात मेलेली अळी कुजून पाणी होण्याऐवजी ताठ, कडक व्हायची. आधी तिच्यावर पांढरा कापूस धरायचा, मग तो कापूस हिरवा व्हायचा. ही बुरशी. निरोगी अळ्या घेऊन, मातीत ही हिरवी भुकटी मिसळून त्यांनी बघितलं, तर त्याही तशाच मेल्या. १८७९ मध्ये ओडेसात त्यांनी हे काम छापलं आणि बुरशीला भुंगेऱ्याच्या नावावरून नाव दिलं. १८८३ मध्ये सोरोकिन या शास्त्रज्ञाने तिचं कूळ बदलून मेटारायझियम केलं. शेवटचं नाव मात्र कायम राहिलं. आपल्या पुडीवर आहे ते.

खरी अक्कल पुढे आहे. प्रयोगशाळेत दहा-वीस अळ्या मारणं वेगळं आणि हजारो एकर गहू वाचवणं वेगळं. एवढी बुरशी आणायची कुठून? मेलेल्या अळ्या वेचून थोडीच पुरणार. तेव्हा बिअर करताना धान्याचा जो चोथा उरतो, तो उकळून निर्जंतुक करून त्यावर ही बुरशी वाढते, हे त्यांनी दाखवलं. स्वस्त, फेकून द्यायचा माल, आणि वर बीजाणूंचं पीक. आज आपल्याकडे मेटारायझियम करणाऱ्या प्रयोगशाळांत तांदूळ, ज्वारी नाहीतर मक्याचे दाणे शिजवून त्यावर बुरशी वाढवतात. रीत तीच, चोथ्याच्या जागी दाणे.

मेचनिकॉव्ह यांनी स्वतः कारखाना काढला नाही. तो काढला इसाक क्रासिल्श्चिक यांनी, १८८४ मध्ये, कीव्हजवळच्या स्मेला गावी. तो भाग साखरेच्या बिटाचा, आणि बिटावर एक सोंड्या भुंगा पडायचा. चार महिन्यांत त्यांनी ५० किलोच्या वर बीजाणू तयार केले आणि शेतात वापरून निम्म्याहून जास्त कीड मारून दाखवली. बुरशी वाढवून कीड मारण्याचा जगातला पहिला कारखाना तो हाच मानतात. साखरेच्या पट्ट्यात उभा राहिला, हे आपल्या ऊसवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मग हे सगळीकडे का पसरलं नाही? कारण बुरशी हवामानावर चालते. ओल असली तर काम करते, कोरडं पडलं तर झोपते. एका साली दिसलेला गुण दुसऱ्या साली दिसेलच असं नाही. पैसे घालणाऱ्याला खात्री लागते. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि तसली विषं आली, ती एका दिवसात मारायची, मग बुरशीचं नाव कोण घेतो. जवळपास शंभर वर्षं हा विषय बहुतेक कागदावरच राहिला. विषाला किडी सरावल्या, विहिरीच्या पाण्यात विष उतरायला लागलं, तेव्हा लोकांना परत आठवण झाली.

ती मारते कशी

हे कळलं की पुडी वापरताना निम्म्या चुका आपोआप टळतात. बीटी जिवाणू किडीच्या पोटात जावा लागतो. अळीने फवारलेलं पान खाल्लं, मग त्यातल्या विषारी कणांनी तिचं आतडं फुटतं. म्हणून तो पानं खाणाऱ्या अळीवर. हा जिवाणू जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना रेशीमकिड्यात सापडला आणि जर्मनीत थुरिंगिया भागात पिठाच्या पतंगाच्या अळीत बर्लिनर यांना. थुरिंजिएन्सिस हे नाव त्या भागावरून. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं पहिलं औषध बाजारात आलं. म्हणजे हिशेबाने बुरशी आधी, जिवाणू नंतर.

मेटारायझियमला किडीने खायची गरज नाही. बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतो. ओल मिळाली की बियाणासारखा उगवतो, कातडी भेदून आत शिरतो आणि अळीच्या अंगातल्या पाण्यात वाढत राहतो. आठ-दहा दिवसांत, कधी त्याहून जास्त, अळी मरते. मग बुरशी पुन्हा बाहेर येऊन हिरवे बीजाणू धरते आणि शेजारच्या अळीची वाट बघते.

आता यातून व्यवहार बघा. बीजाणू अळीला लागलाच नाही तर काही होणार नाही, म्हणून ती मातीत, मुळाच्या जवळ गेली पाहिजे, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून. ऊन लागलं की बीजाणू मरतो, म्हणून दुपारी टाकू नका, संध्याकाळी टाका, जमिनीत ओल असताना. बुरशी आहे म्हटल्यावर बुरशीनाशकात मिसळली की आपलंच औषध आपण मारलं. अळी लहान असताना, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत, ती लवकर बळी पडते. दिवाळीच्या सुमाराला बोटाएवढी झाली मग तिच्यावर फार आशा धरू नका. आणि तिसऱ्या दिवशी रान उकरून अळी वळवळताना दिसली म्हणून पुडी खोटी असं लगेच ठरवू नका. तिला मरायला वेळ लागतो.

अर्थात पुडी खोटीही असू शकते. जिवंत माल आहे. दुकानात पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेली पुडी म्हणजे नुसती पावडर. तयार केल्याची तारीख, मुदत बघून घ्या, सावलीत ठेवा, एकरी किती ते पुडीवर वाचा किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. मला विचाराल तर एकट्या बुरशीवर भिस्त ठेवणं बरं नव्हे. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी झाडं हलवून भुंगेरे गोळा करून मारणं हे मेचनिकॉव्ह यांच्या आधीच्या लोकांचं काम आजही सगळ्यात खात्रीचं आहे. फक्त ते एकट्याने करून भागत नाही, सगळ्या शिवाराने एकाच वेळी करावं लागतं. आपल्याकडे तेच होत नाही.

कोकणात नारळाच्या गेंड्या भुंग्यासाठी शेणखताच्या खड्ड्यात हीच बुरशी टाकतात. मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीवर चालते ती मेटारायझियम रायलेयी, हिची चुलत बहीण. जुनी माणसं तिला नोमुरिया म्हणून ओळखतात, नाव नंतर बदललं.

काटा आणि पांढऱ्या पेशी

गव्हाच्या भुंगेऱ्याचं काम सुरू होतं तेव्हाच घरी पुन्हा संकट आलं. १८८० मध्ये ओल्गाला विषमज्वराने धरलं. ती वाचली, पण मेचनिकॉव्ह खचले, स्वतः मोठ्या आजारातून गेले. त्यात १८८१ मध्ये झारचा खून झाला आणि विद्यापीठात सरकारी दडपण सुरू झालं. १८८२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ओल्गाच्या माहेरच्या मिळकतीवर घर चाललं आणि ते इटलीत मेसिना गावी समुद्राकाठी जाऊन राहिले.

डिसेंबरचा महिना. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती. मेचनिकॉव्ह एकटे घरी, सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची अळी. ती काचेसारखी पारदर्शक, आत फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसायच्या. त्यांच्या मनात आलं की या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूला गिळत असतील का. अंगणातल्या गुलाबाचे काटे काढून त्यांनी त्या अळ्यांत टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतात तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातला होता. आपल्या बोटात काटा मोडला की तिथे पू होतो, तो याच कामाचा. त्या पेशींना भक्षक पेशी असं नाव पडलं.

पुढची तपासणी त्यांनी पाणपिसू या बारक्या जीवावर केली. तिच्या अंगात एक बुरशीसारखा जीव शिरतो आणि तिच्या पेशी तो गिळायचा प्रयत्न करतात. पेशी जिंकल्या तर पिसू जगते, बुरशी जिंकली तर मरते. भुंगेऱ्याच्या अळीत बुरशी जिंकावी म्हणून ज्यांनी धडपड केली, तेच आता विचारत होते की कधी कधी बुरशी हरते ती का. माझ्या समजुतीने हे एकाच माणसाच्या डोक्यातले दोन धागे आहेत, फक्त बाजू बदलली. जर्मनीतल्या मोठमोठ्या डॉक्टरांना मात्र हे पटलं नाही. रोगाशी पेशी लढत नाहीत, रक्तातला द्रव लढतो, असं त्यांचं म्हणणं. वीसेक वर्षं भांडण चाललं. शेवटी १९०८ चं नोबेल दोन्ही बाजूंना मिळून दिलं, मेचनिकॉव्ह आणि पॉल एर्लिख. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

मेंढ्या मेल्या, ओडेसा सुटलं

१८८६ मध्ये ओडेसात जंतुशास्त्राचं केंद्र निघालं, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस देण्यासाठी. मेचनिकॉव्ह त्याचे प्रमुख. ते स्वतः डॉक्टर नव्हते, म्हणून गावातले डॉक्टर खार खाऊन होते. केंद्राने मेंढ्यांना काळपुळीची लसही द्यायला घेतली. एकदा मेचनिकॉव्ह बाहेरगावी असताना त्यांच्या सहकाऱ्यांनी टोचलेल्या लसीने एका जमीनदाराच्या हजारो मेंढ्या मेल्या. ज्याने एक शेळी गमावली आहे त्याला या बातमीचा अर्थ कळेल. त्यानंतर तिथे काम करणं अशक्य झालं. १८८८ मध्ये ते पॅरिसला गेले. पाश्चर यांनी आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली, आणि मरेपर्यंत २८ वर्षं ते तिथेच राहिले.

आता महाराष्ट्राशी संबंध. ओडेसात त्यांच्याकडे शिकलेला एक मुलगा होता, वाल्डेमार हाफकिन. झारविरोधी चळवळीत तो पकडला गेला, तेव्हा मेचनिकॉव्ह यांनी शब्द टाकून त्याला सोडवलं. पुढे तो त्यांच्यामागे पॅरिसला आला, सुरुवातीला ग्रंथालयात काम करून राहिला, आणि तिथे पटकीची लस तयार केली. १८९३ मध्ये तो भारतात आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका छोट्या खोलीत त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. लहानपणी पोलिओचे दोन थेंब घेतलेल्या आपल्या पोरांपैकी कितीतरी जणांच्या तोंडात तिथलेच थेंब गेले आहेत.

ताकाचा नाद

शेवटच्या वीस वर्षांत मेचनिकॉव्ह यांना म्हातारपणाचं कोडं पडलं. १८९२ च्या पटकीच्या साथीत त्यांनी स्वतः पटकीचे जंतू पिऊन बघितले होते. त्यांना काही झालं नाही. दुसऱ्या एका स्वयंसेवकाने प्यायले, तो मरता मरता वाचला. आजच्या काळात कुणी असं केलं तर गुन्हा दाखल होईल, आणि व्हायलाच हवा. पण त्यातून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला. एकाला रोग होतो, दुसऱ्याला होत नाही, तर पोटात आधीपासून राहणारे जिवाणू त्यात काही करत असतील का?

इथून ते दह्याकडे वळले. बल्गेरियातले खेडूत आंबवलेलं दूध खातात आणि खूप जगतात, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. १९०५ मध्ये ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन डॉक्टरने त्या दह्यातला जिवाणू शोधला. मेचनिकॉव्ह रोज आंबट दूध प्यायला लागले, त्यावर पुस्तक लिहिलं आणि युरोपात दह्याची लाट आली. आज दुकानात प्रोबायोटिक म्हणून जी महागडी बाटली मिळते तिची सुरुवात इथे. आपल्या घरात ती रोज सकाळी घुसळली जायची, ही गोष्ट वेगळी.

या बाबतीत मात्र ते वाहवत गेले असं म्हणावं लागतं. मोठं आतडं हे विषाचं कोठार आहे आणि ते सुधारलं तर माणूस दीडशे वर्षं जगेल, इथपर्यंत त्यांची मजल गेली. ते काही खरं ठरलं नाही. पोटातले जिवाणू माणसाच्या तब्येतीत भाग घेतात, एवढा गाभा मात्र टिकला, आणि आज त्यावर जगभर काम चालू आहे.

घरातल्या दोन गोष्टी जाता जाता. त्यांचा भाऊ इव्हान न्यायखात्यात होता, तो १८८१ मध्ये आजाराने गेला. टॉलस्टॉय यांनी पुढे एका आजारी न्यायाधीशाच्या मरणावर जी प्रसिद्ध गोष्ट लिहिली, ती त्याच्यावरून सुचलेली. १९०९ मध्ये मेचनिकॉव्ह टॉलस्टॉय यांना त्यांच्या गावी जाऊन भेटले. एकाचा विज्ञानावर सगळा भरवसा, दुसऱ्याचा अजिबात नाही. भेट मात्र प्रेमाची झाली.

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं. संस्थेतली तरणी माणसं आघाडीवर गेली, प्रयोगशाळा ओस पडल्या. हृदय आधीच कमजोर झालेलं. १५ जुलै १९१६ ला पॅरिसमध्ये वयाच्या ७१ व्या वर्षी ते गेले. देहाचं दहन झालं आणि अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात एका कलशात ठेवल्या. त्या आजही तिथेच, पुस्तकांच्या कपाटांमध्ये आहेत.